डावीकडचं आयर्न

१

टेबल मनासारखं लागल्याशिवाय तो एक स्क्रूही फिरवत नसे, आणि टेबल काही मनासारखं लागत नसे. म्हणून हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात त्याला सगळे 'टापटीप' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, त्यामुळे राग धरायचीही सोय नव्हती. नोकरी चष्म्याच्या दुकानात, काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून राबायचं आणि संध्याकाळी घरी येऊन मागच्या खोलीत स्वतःची हत्यारं पुसत बसायचं. कटर, चिमटा, मल्टिमीटर, तार वितळवून भाग जोडायचं बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, सगळं पांढऱ्या फडक्यावर ओळीने. बायको दारातून डोकावून विचारायची, "डॉक्टर, ऑपरेशन कधी आहे?"

चेष्टाच ती, पण खोटी नव्हती. याआधी दोन रेडिओंची किटं त्याने जोडली होती. पहिल्यातून बटण दाबताच धूर निघाला. दुसरं जन्मापासून मुकं. तिसऱ्या किटचा खोका कपाटावर तसाच बंद होता. लांबलांबच्या अनोळखी माणसांशी बोलता येईल असा छोटा सेट त्यातून व्हायचा होता. व्हायचा होता, एवढंच.

नेमकं तेच किट त्याच्या साडूनेही मागवलं होतं. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. भूगोलाचा मास्तर, दोन वर्षांपूर्वीपर्यंत ज्याने साधा प्लगही जोडला नव्हता. टापटीपनेच त्याला हौसेने क्लबात नेलं, आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. मास्तराने हात लावला की सेट बोलायला लागायचे.

"भाऊजींचं किट झालंसुद्धा," बायको एका संध्याकाळी म्हणाली. "ताई सांगत होती, काल कुठल्याशा बेटावरच्या माणसाशी अर्धा तास गप्पा झाल्या."

"बेटावर दुसरं काम तरी काय असणार," तो म्हणाला.

ती हसली नाही. ती घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची, आणि हातातल्या पेन्सिलीने कानामागे खाजवत म्हणाली, "मला एकदा ऐकायचंय रे तसं काहीतरी. आपल्या घरात." एवढंच बोलली बिचारी. पण त्याने जेवताना मान वर केली नाही.

२

रविवारी दोघं साडूकडे गेली. सेट बघायला, असं बायको म्हणाली. टापटीपला सेट बघायचाच नव्हता. त्याला टेबल बघायचं होतं. हा माणूस असं काय मांडून बसतो की याला जमतं आणि मला जमत नाही, हा प्रश्न त्याला रात्रंदिवस कुरतडत होता.

टेबल कसलं, ताईचं जुनं ड्रेसिंग टेबल होतं ते. रुंद आरसा तसाच ठेवलेला. "मागच्या खिडकीचा उजेड आरशातून परत येतो," साडू म्हणाला. "दिवा लावायला लागत नाही. बसा ना साडूभाऊ, उभे का?"

तो दारातच उभा राहिला. साडू त्याच्याकडे पाठ करून बसलेला, आणि शेजारी बायको टेबलावर वाकून प्रत्येक गोष्टीला बोट लावत होती. हे काय, ते कशाला. घरी कधी विचारलं नव्हतं तिने. साडू काहीतरी बोलला आणि ती मोकळेपणी हसली, अगदी मान मागे टाकून.

टापटीपने खिशातून फोन काढला. मध्ये साडूची पाठ येत होती, पण त्याच्या खांद्यावरून समोरच्या आरशात टेबल अख्खं दिसत होतं. आयर्न कुठे, स्पंज कुठे, कटर कुठे, सगळं. त्याने आरशातलाच फोटो काढला आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत फोन खिशात टाकला. चोरी केल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने स्वतःची सगळी मांडामांड मोडली. फोन समोर उभा केला आणि आरशातल्या टेबलापलीकडे आपणच बसलोय असं धरून एकेक वस्तू ठेवत गेला. आयर्नचा स्टँड डाव्या हाताशी. त्याच्यापुढे ओला स्पंज. कटर आणि चिमटा तिथेच, मुठी बाहेरच्या बाजूला. सुटे भाग उजवीकडे, अंड्यांच्या रिकाम्या खोक्यात, एकेका खळग्यात एकेक जात.

तुमच्या-माझ्या केव्हाच लक्षात आलं असतं. आणि हा तर दिवसभर काचांशी खेळणारा माणूस. पण मत्सराने डोळे भरले की समोरचं दिसत नाही. साडू कोणत्या हाताने काम करतो हे त्याला आठवेना, कारण त्या दिवशी त्याने साडूचे हात बघितलेच नव्हते. तो बायकोचा चेहरा बघत होता.

खुर्चीत बसून त्याने आयर्न उजव्या हातात घेतलं तर वायर छातीवरून आडवी आली. कटर घ्यायला हात गेला तो रिकाम्या जागेवर. म्हणजे हीच ती गोम, तो मनाशी म्हणाला. अवघड वाटतंय म्हणजेच यात काहीतरी आहे. त्याने तसंच ठेवलं. किटचा खोका उघडला, भाग मोजून लावले, ज्यावर ते जोडायचे ती हिरवी पट्टी पकडीत बसवली, आणि उद्या सुरू करू म्हणून दार ओढून घेतलं.

दुसऱ्या संध्याकाळी दार उघडलं तर खोलीत राळेचा वास होता. तार वितळताना येतो तो. आयर्नला हात लावला तर कोमट लागलं. आणि पट्टीवर रेझिस्टरची अख्खी रांग बसलेली होती. त्याने भिंगाचा दिवा ओढला. वितळलेल्या तारेचा एकेक टाका चकचकीत, पातळ, कडेला उतरता, जसा क्लबात फळ्यावर काढून दाखवतात तसा. रेझिस्टरचे कापलेले तारेचे पाय डावीकडे एका लहानशा ढिगात गोळा केलेले.

साडू येऊन गेला, हा पहिला विचार. बायकोने त्याला घरात घेतलं, हा दुसरा, आणि त्या विचाराने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"दुपारी कोण आलं होतं?" त्याने शक्य तितक्या सहज विचारलं.

"कोण येणार?" बायको गालात हसत होती. "दुकानातून पळून येतोस ते नाही सांगणार मी कोणाला. आणि शीळ छान घालतोस रे. इतक्या वर्षांत कळलंच नाही मला."

त्याला शीळ येत नव्हती. लहानपणापासून कधी आली नव्हती. कोणीही शहाणा माणूस या ठिकाणी घाबरला असता. याला आधी बरं वाटलं. ती ज्या नजरेने बघत होती, ती नजर किती दिवसांत त्याच्या वाट्याला आली नव्हती.

"तू ऐकलंस होय," तो म्हणाला.

४

दुकानात त्याने मालकाला विचारून बघितलं. आपण दुपारी उठून कुठे जातो का, भलताच प्रश्न. मालक चष्म्यावरून बघत म्हणाला, "जेवायलाही उठत नाहीस. तब्येत बरी आहे ना?"

तब्येत उत्तम होती. रोज संध्याकाळी पट्टीवर काम पुढे गेलेलं असायचं. तो स्वतःला समजावायचा की माणूस पुष्कळ गोष्टी करतो आणि विसरतो. गॅस बंद केला की नाही ते नाही का विसरत? मग कपॅसिटर लावल्याचंही विसरू शकतो. हे त्याला पटत नव्हतं, पण न पटणाऱ्या गोष्टीवर किती दिवस काढता येतात हे त्यालाही नवीनच कळत होतं.

रविवारी अर्धवट पट्टी तो क्लबात घेऊन गेला. बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर क्लब भरायचा. जहाजावर वायरलेस सांभाळून निवृत्त झालेले आजोबा तिथले अध्यक्ष, सहसा कोणाला चांगलं न म्हणणारे. त्यांनी पट्टी उजेडात धरली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "अरे, टापटीपचा हात बसला की."

सगळे जमले. पाठीवर थापा पडल्या. बायको बाजूला उभी राहून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर तेच सुख होतं जे त्याला हवं होतं. त्याने साडूकडे बघितलं. त्यासाठीच तर तो आला होता.

साडूचा चेहरा उतरला होता. त्याने पट्टी हातात घेतली, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "साडूभाऊ, तुम्ही डावरे आहात?"

"छे. का?"

"नाही, टाके सगळे डाव्या बाजूने दिलेत." पट्टी परत देत तो म्हणाला, "बाकी हात माझ्यासारखा वाटतो. म्हणजे, माझा जसा होता."

"होता म्हणजे?"

"हल्ली जमत नाही. टेबलाशी बसलो की समोर कसं रिकामं रिकामं वाटतं. आरशावर चादर टाकलीय मी." आणि लगेच ओशाळून हसला. "मास्तर म्हातारा झाला, दुसरं काय."

यावर काळजी वाटायला हवी होती. टापटीपला आनंद झाला, निर्मळ नव्हे, चांगला घट्ट आनंद. वाटेत बायकोला तो दोनदा म्हणाला, "भाऊजींचं काही खरं नाही बाबा." दुसऱ्यांदा तिने हात सोडवून घेतला.

५

त्याच आठवड्यात दुकानातलं काच घासायचं यंत्र बिघडलं आणि मालकाने भरदुपारीच त्याला घरी पाठवलं. त्याने किल्लीने दार उघडलं, चपला काढल्या आणि तिथेच थांबला.

मागच्या खोलीतून शीळ येत होती. साधीच, काम करता करता घालतात तशी. मग ती थांबली आणि बायकोचा आवाज आला.

"तुला सांगू? तो दुसरा सेट मुका निघाला ना, तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस. मला वाटायचं, माझंच काही चुकलं."

"तुझं काय चुकायचं," कोणीतरी म्हणालं. खालच्या आवाजात, कामातून मान न काढता. आणि मग, "माझाच स्वभाव तसा."

आवाज त्याचा होता. दुकानात फोनवर बोलतानाचा, क्लबात नाव सांगतानाचा, अगदी तोच. पण हे वाक्य त्याने जन्मात उच्चारलं नव्हतं. तिला असं काही वाटत होतं हेही त्याला आज कळत होतं. त्या बोळात उभं राहून त्याला भीती वाटली, नाही असं नाही, पण भीतीच्या आधी जे उसळलं ते दुसरंच होतं. मला का नाही सांगितलंस, एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं. याला कसं सांगितलंस?

त्याने दार ढकललं.

खोलीत बायको एकटी होती. भिंगाचा दिवा दोन्ही हातांनी पट्टीवर धरून स्टुलावर बसली होती. खुर्ची मागे सरकलेली. आयर्न स्टँडमध्ये, टोकावरून धुराची बारीक रेघ वर जात होती.

"पाणी प्यायला गेलास आणि शर्ट बदलून आलास?" ती म्हणाली.

आता बोलायचं होतं. आत्ता सगळं सांगून टाकायचं होतं. तो म्हणाला, "घामाने भिजला होता."

तो खुर्चीत बसला. गादी गरम होती. त्याने आयर्न उजव्या हातात घेतलं, वायर छातीवर आडवी आली, आणि पहिल्याच टाक्याला तारेचा हा एवढा गोळा झाला. तो सोडवताना पट्टी करपली. बायको बघत होती. चुका शोधणं हाच तिचा धंदा, आणि काहीतरी चुकतंय हे आता तिला समोर दिसत होतं, पण ती चूक भलतीकडेच शोधत होती.

"असं काय करतोस? मघाशी किती छान चाललं होतं," ती म्हणाली. मग दिवा बाजूला ठेवून उठली. "राहू दे आज."

ती गेल्यावर तो स्वयंपाकघरात जाऊन आला. ओट्यावर अर्धा प्यालेला ग्लास होता. काठावर ओठांची ओल अजून होती.

६

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने फोटो उघडला. टेबलावरच्या तारेच्या रिळाचं खोकं मोठं करून बघितलं, तर त्यावरची अक्षरं उलटी. दोन क्षण तो नुसता बघत राहिला आणि मग कपाळाला हात लावून हसला. आरशातला फोटो. टेबल उलटं मांडलंय आपण, आणि डावीकडचं आयर्न म्हणजे साडूच्या उजवीकडचं. कसली गोम आणि कसलं काय.

हसता हसता त्याने फोटो जरा बाजूला सरकवला. पुढे साडूची पाठ, मान खाली. आरशात टेबल, मागच्या खिडकीचा पडदा, टेबलाच्या कडेवर बायकोचे हात. दाराच्या चौकटीशी तो स्वतः, हातात फोन. आणि साडूचा चेहरा जिथे दिसायला हवा तिथे नुसती खुर्चीची पाठ होती. वेताची वीणसुद्धा स्पष्ट दिसत होती.

त्याने फोटो पुसून टाकला. घरी येऊन, कपडे न बदलता, सगळं टेबल फिरवलं. आयर्न उजवीकडे, स्पंज उजवीकडे, खोका डावीकडे. मनात एक दुष्ट समाधान होतं. घेतलास माझा हक्क, आता बस बाहेर, तो त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाला. चक्क मोठ्याने म्हणाला.

७

त्यानंतर शीळ आली नाही. राळेचा वास आला तो त्याने स्वतः केलेला, जळका. टाके गोळ्यागोळ्यांचे. पट्टी जिथल्या तिथे.

बायको मुद्रितं घेऊन यायची, दारातल्या स्टुलावर बसायची. वाट बघायची. थोड्या वेळाने कागद गोळा करून उठायची. "तुझं काही बिनसलंय का?" तिने एकदा विचारलं. "मध्यंतरी किती बोलायचास."

मग त्याने बोलायचं ठरवलं. दुकानातले किस्से सांगितले, तिने हं हं केलं. शेवटी, लाज गिळून, जे त्याने चोरून ऐकलं होतं तेच म्हणाला. "तेव्हा मी बोललो नाही ना आठवडाभर, त्यात तुझं काय चुकायचं. माझाच स्वभाव तसा."

"हे सांगितलंस की मला," ती म्हणाली. आणि पेन्सिल घेऊन पुढच्या पानाकडे वळली.

त्याला त्या क्षणी जे कळलं ते कोणालाही कळू नये. ती प्रेम करत होती, आणि कोणावर ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या दुसऱ्याला बाहेरच ठेवलं तर तीही हळूहळू याच स्टुलावरून उठून जाणार, आणि परत येऊ दिलं तर निदान ती याच घरात राहील. त्याने दोन दिवस विचार केला. मत्सर करायलासुद्धा माणूस समोर असावा लागतो.

सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, त्याने आयर्न उचलून डावीकडे ठेवलं. स्पंज भिजवला. कटरच्या मुठी बाहेरच्या बाजूला केल्या. खोका उजवीकडे सरकवला. इतकं सुबक टेबल त्याने आयुष्यात लावलं नव्हतं. मग बायकोला हाक मारली.

"ये ना, बस. आज करू पुढचं. मी पाणी पिऊन आलोच."

तिचा चेहरा उजळला. ती स्टूल ओढून बसली आणि तो बोळातून स्वयंपाकघरात गेला. ग्लास घेतला, नळ सोडला, आणि मुद्दाम बराच वेळ लावला.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शीळ सुरू झाली.

बोळाच्या तोंडाशी येऊन त्याने मान थोडीशी पुढे काढली. अर्ध्या उघड्या दारातून एक पाठ दिसत होती. शर्ट त्याचाच, आत्ता अंगात होता तोच. भांग मात्र दुसऱ्या बाजूला. डावं कोपर सावकाश हलत होतं, आणि बायकोचा हात खुर्चीच्या पाठीवर विसावलेला होता. आता जरा वळला असता तर चेहरा दिसला असता. त्याला बघायचाही होता आणि नव्हताही, आणि ती पाठ वळायला लागली तसा तो झटकन आत आला. ग्लास ओट्यावर आपटला.

शीळ थांबली.

"स्वयंपाकघरात कोण आहे गं?" त्याच्याच आवाजात कोणीतरी विचारलं.

पावलं जवळ आली. बायको दारात उभी राहिली. दुपारचा भरपूर उजेड होता, आणि तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने तिचं नाव घेतलं. ती सरळ त्याच्याकडे बघत होती, ओट्याकडे बघावं तशी. मग पुढे होऊन, त्याच्या अंगावरून हात नेऊन, तिने नळ घट्ट बंद केला.

"कोणी नाही रे," ती म्हणाली, आणि दिवा धरायला परत गेली.